रुखवताची चौकट आणि चंद्रावरची गोगलगाय

तीन हजार घरांच्या आळीत एकतीसशे विसावं घर कुठून येणार? नाही ना येत? मग तांगडे आजोबांच्या कागदावर ते आलं कुठून, हा त्या शनिवारी दुपारी चार वाजता त्यांच्यापुढचा सगळ्यात मोठा प्रश्न होता. आणि त्याचं उत्तर साऱ्या जगात ज्या एका व्यक्तीला ठाऊक होतं, ती त्यांची अकरा वर्षांची नात शाल्मली दाराला टेकून उभी होती.

थांबा, आधी सगळं नीट सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल की ही बाई मधूनच सुरू झाली.

आजोबा लोणारचे. आकाशातून दगड आदळून झालेलं तिथलं सरोवर तुम्हाला माहीत असेलच. त्या खळग्यातले दगड अभ्यासण्यात आजोबांचा जन्म गेला. पुढे गुडघे कुरकुरायला लागले, नोकरी संपली, पण दगडधोंड्यांमधून वाट शोधण्याची नजर काही गेली नाही. म्हणून चांद्रकेंद्राने त्यांना घरबसल्या वाटाड्याचं काम दिलं. रोज सकाळी चंद्राच्या जमिनीचा वरून काढलेला एक फोटो यायचा. त्यातल्या भेगा आणि खड्डे चुकवून आजोबा वाट आखायचे आणि त्या वाटेवरच्या ठिकाणांचे आकडे केंद्राला पाठवायचे.

त्या वाटेवरून चालायची ती गोगलगाय. म्हणजे तशी ती एक यंत्रमानव होती, हमाली करणारी. सपाटीवर चाकांवर घसरत जायची आणि अवघड जागी पोटात दुमडलेले सहा पाय बाहेर काढायची. गोगलगाय नि पोटात पाय, ही म्हण तिच्याइतकी कुणालाच शोभली नसती. चाल मात्र खरोखरच नावासारखी.

या खेपेला तिच्या पाठीवर एक छोटी पेटी होती, आणि तिच्यात हवा शुद्ध करणाऱ्या यंत्राचा सुटा भाग होता. चंद्राच्या दक्षिण टोकाजवळच्या चंद्रघरात चार माणसं राहत होती आणि त्यांचं ते यंत्र बिघडलं होतं. हवा उरली होती नऊ दिवसांची. दुसरं सामान पोचायला तेवीस दिवस लागणार होते. त्या चौघांमधली एक होती आजोबांची धाकटी लेक, शाल्मलीची अरुंधती आत्या.

आत्या तीन महिन्यांनी परत येणार होती आणि आल्याआल्या तिचं ओजसरावांशी लग्न होतं. त्यामुळे घरात एकीकडे काळजी आणि दुसरीकडे लग्नाची तयारी, असं दोन्ही चाललं होतं. आजी म्हणायची, तयारी थांबवली की काळजी डोक्यावर चढून बसते. रुखवत (लग्नात मुलीकडचे लोक हौसेने मांडतात त्या वस्तू) शाल्मलीने अंगावर घेतलं होतं. साखरेचे किल्ले आणि लोकरीची बदकं सगळेच मांडतात. ती मांडणार होती चंद्राचे फोटो, नक्षीच्या चौकटीत बसवलेले, आणि प्रत्येकाखाली एकेक उखाणा.

त्या शनिवारी सकाळी शाळेत जाण्याआधी तिने आजोबांच्या संगणकावर नुकताच आलेला फोटो उघडला. चित्रं सजवायच्या प्रोग्रॅममध्ये टाकला. डावी-उजवीकडे गोधडीच्या टाक्यांची किनार काढली. वर आंब्याच्या पानांचं तोरण सोडलं. खाली उखाण्यासाठी पट्टी काढली. काय सुरेख दिसत होतं ते! रिक्षावाले काका खाली भोंगा वाजवत होते, म्हणून तिने घाईघाईने ‘जतन करा’ हे बटण दाबलं आणि पळाली.

‘नव्या नावाने जतन करा’ हे बटण त्याच्या शेजारीच होतं. ते तिने दाबलं नाही.

दुपारी आजोबा त्याच चित्रावर वाट आखायला बसले. ते चित्र बारापट मोठं करून बघायचे, त्यामुळे पडद्यावर एका वेळी चंद्राचा लहानसा तुकडाच दिसायचा, कडा दिसायच्याच नाहीत. वाटेवरची चाळीस ठिकाणं त्यांनी नेमली. एकेचाळिसावं, म्हणजे चित्राच्या उजव्या कडेवरचं, प्रोग्रॅम आपोआप नेमतो. केंद्रातल्या रुबीना शेख यांनीही वाट तपासली, ती भेगांवरून जात नव्हती, म्हणून त्यांनी ती गोगलगाईला धाडून दिली. दोघांनीही वाट बघितली, कड कुणीच बघितली नाही.

चार वाजता चहा पिताना आजोबांनी कागद सहज डोळ्यांखालून घातला. शेवटच्या ठिकाणाचा आकडा रोज तीन हजार असायचा, कारण चित्राची रुंदीच तेवढी. आज तिथे होते तीन हजार एकशे वीस. त्यांनी कप खाली ठेवला आणि पुटपुटले, हे भलतंच काय?

शाल्मली शाळेतून येऊन दाराशी उभी होती. तिला एका क्षणात कळलं. आणि मग तिने जे केलं ते सांगायला मला आवडत नाही, पण गोष्ट आहे तशीच सांगितली पाहिजे. आजोबा फोन करायला बाहेरच्या खोलीत गेले, तशी ती संगणकापाशी गेली, तोरणाचं ते चित्र तिने पुसून टाकलं आणि केराच्या टोपलीतूनही काढून टाकलं. तिला वाटलं, चुकीचं चित्र गेलं की चूकही जाईल. भीती वाटली की शहाणी माणसंसुद्धा असाच विचार करतात, ती तर अकरा वर्षांची होती.

पण ते चित्र फक्त आजोबांकडे नव्हतं. आजोबा आणि केंद्र मिळून संगणकावर चित्रं ठेवायची एकच सामाईक पेटी वापरत होते. बाहेर रुबीनाताई फोनवर सांगत होत्या की त्या पेटी उघडून बघतात. पेटीत चित्र नव्हतं. जुनी प्रत केंद्राच्या तिजोरीत असते, पण ती काढायला दोन तास लागणार होते.

दोन तास कुठले असायला. आजोबांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. गोगलगाय या वेळी डोंगराच्या आडोशाला होती, तिथे निरोप पोचत नव्हता. चार सदतीसला ती कालची वाट संपवून एका खिंडीत येणार, साडेतीन मिनिटं बोलता येणार, आणि मग ती पुढच्या अंधाऱ्या दरीत उतरणार. दरीत तिच्या दिव्याला चार पावलांपलीकडे दिसत नव्हतं. आकडे सांगतील तशी ती चालणार होती, आणि आकडे चुकले असतील तर सरळ भेगेत. तिला खिंडीतच थांबवावं, तर तेही जमणार नव्हतं. सहा वाजेपर्यंत ती पलीकडच्या उन्हात पोचली नाही, तर गारठून बंद पडली असती. इकडे आड नि तिकडे विहीर.

आजोबा नुसते भिंतीवरच्या आत्याच्या फोटोकडे बघत राहिले. शाल्मलीने आजोबांचा चेहरा असा कधीच बघितला नव्हता. तिला रडू आलं आणि तिने सगळं सांगून टाकलं, तोरणाचं, जतन केल्याचं, आणि पुसल्याचंही.

तिला वाटलं, आता आजोबा ओरडणार. ते ओरडले नाहीत. त्यांनी तिला खुर्चीवर बसवलं, गणिताची चौकटींची वही पुढे ओढली आणि पेन्सिल हातात घेतली.

“रडायला नंतर भरपूर वेळ आहे,” ते म्हणाले. “आत्ता मला फक्त तुझं डोकं हवंय.”

चार वाजून बारा मिनिटं झाली होती.

आजोबांनी सांगितलं ते असं. संगणकातलं चित्र म्हणजे चौकटींची वही. एकेका चौकटीत एकेक रंग. या चौकटीला पिक्सेल म्हणतात (चित्राचा सगळ्यात लहान ठिपका). त्यांच्या फोटोत आडव्या ओळीत तीन हजार ठिपके आणि उभ्या रांगेत दोन हजार, आणि एक ठिपका म्हणजे चंद्रावरचा एक मीटर. प्रत्येक ठिपक्याला पत्ता असतो. तो मोजायचा डाव्या हाताच्या वरच्या कोपऱ्यापासून, आधी किती आडवं जायचं आणि मग किती खाली उतरायचं. गोगलगाईच्या पोटात हाच फोटो आहे, मूळचा, बिनतोरणाचा. आपण तिला पत्ते सांगतो आणि ती आपल्या फोटोत ते शोधून तिकडे चालते.

“आता चित्राला किनार लावायच्या तीन तऱ्हा आहेत,” आजोबा म्हणाले. “तू कोणती केलीस, तेवढं नीट आठव.”

पहिली तऱ्हा म्हणजे किनार चित्राच्या कडेवरच रंगवायची. त्यात कडेचं चित्र झाकलं जातं, पण आतल्या कुणाचा पत्ता बदलत नाही. दुसरी म्हणजे चित्र आक्रसून लहान करायचं आणि मोकळ्या झालेल्या जागेत किनार बसवायची. त्यात सगळ्यांचे पत्ते वेडेवाकडे होतात. तिसरी म्हणजे चित्राला हात लावायचा नाही, कॅनव्हास (ज्यावर चित्र बसतं तो कागद) बाहेरच्या बाजूला वाढवायचा आणि वाढलेल्या भागात नक्षी काढायची.

शाल्मलीने नाक पुसलं. प्रोग्रॅमने विचारलं होतं खरं. चंद्र आक्रसला तर आत्याला ओळखू येणार नाही, म्हणून तिने बाहेरच वाढवलं होतं. तिसरीच तऱ्हा.

“शाबास. मग वाचलो,” आजोबा म्हणाले, आणि लगेच पुढे म्हणाले, “म्हणजे, वाचू शकतो.”

त्यांनी वहीत एक घर काढलं. समजा आळीत आपलं घर दहावं. आळीच्या सुरुवातीला कुणी तीन नवी घरं बांधली, तर आपलं घर कितवं? तेरावं. घर जागचं हललं नाही, पण पत्ता तीनने वाढला. आळीच्या शेवटी कुणी तीन नाही, तीनशे घरं बांधली तरी आपलं दहावंच, कारण मोजणी सुरुवातीपासून होते. चित्राचंही तसंच. डावीकडची किनार सगळ्यांना उजवीकडे ढकलते आणि वरची किनार सगळ्यांना खाली ढकलते. उजवीकडची आणि खालची किनार कुणाला काही करत नाही. डावी किनार आणि वरची किनार किती ठिपक्यांची होती ते कळलं की प्रत्येक पत्त्यातून तेवढे वजा करायचे, झालं काम.

किती होती, हाच तर प्रश्न होता. मोजायला चित्र उरलं नव्हतं. उरला होता आजोबांचा कागद, त्याच्या माथ्यावर चित्राची लांबीरुंदी आपोआप छापली गेली होती. आडवे तीन हजार एकशे वीस, उभे दोन हजार चारशे. आजोबांनी भराभर वजाबाकी केली. आडवे एकशेवीस जास्तीचे, म्हणजे डावीकडे साठ आणि उजवीकडे साठ. शाल्मलीला गोधडीचे साठ आठवत होते. उभे चारशे जास्तीचे, म्हणजे वर दोनशे, खाली दोनशे. तिने मान हलवली. तोरणाला दोनशे घेतल्याचं तिला अंधुक आठवत होतं.

आजोबांचं समाधान झालं नाही. अंदाज बरोबर वाटतो म्हणून बरोबर असतो असं नाही, तो पडताळून बघायला हवा, असं त्यांचं नेहमीचं म्हणणं. त्यांच्या कागदावर वाटेतली एक खूण लिहिलेली होती, चिरलेला पांढरा दगड, पत्ता चौदाशे साठ आणि अकराशे नव्वद. यातून साठ आणि दोनशे वजा केले की आले चौदाशे आणि नऊशे नव्वद. त्या पत्त्यावर तुझ्या फोटोत काय दिसतं, असं गोगलगाईलाच विचारायचं. पांढरा दगड म्हणाली, तर आपण बरोबर.

रुबीनाताईंनी आजोबांची जोडणी थेट गोगलगाईशी करून दिली आणि बजावलं, ती उत्तर द्यायला चाळीस सेकंद घेते, बघितल्याशिवाय बोलत नाही. नवे पत्ते बसवायला तिला आणखी दीड मिनिट लागेल. म्हणजे दोनदा विचारता येईल, तिसऱ्यांदा नाही.

चार पस्तीस. चार छत्तीस. आजी स्वयंपाकघरातून येऊन कणकेच्या हातांनी तशीच उभी राहिली. कुणी तिला काही सांगितलं नव्हतं, पण तिला कळलं होतं. चार सदतीसला पडद्यावर हिरवा दिवा लागला.

आजोबांनी पत्ता सांगितला आणि विचारलं, तिथे काय आहे. दहा सेकंद गेले. वीस गेले. शाल्मलीने ओढणीचं टोक बोटाभोवती इतकं गुंडाळलं की बोट पांढरं पडलं.

“सपाट धूळ,” गोगलगाय तिच्या संथ आवाजात म्हणाली. “दगड नाही.”

आजोबांचा चेहरा उतरला. त्यांच्या हातातली पेन्सिल कागदावर नुसतीच टेकून राहिली. आडवं चुकलं की उभं, की मुळात तिसरी तऱ्हाच नव्हती? शाल्मलीने डोळे मिटले. सकाळचा पडदा डोळ्यांपुढे आणला. गोधडी, साठ. ती नक्की, ती तिने मोजून घातली होती. तोरण, दोनशे. पानं छान लांब आली होती. मग खालची पट्टी, दोनशे. तिच्यात उखाणा लिहायला घेतला.

चंद्रावरची धूळ वेचली मी गोडीनं,
ओजसरावांचं नाव घेते पृथ्वीच्या ओढीनं.

पहिली ओळ बसली आणि दुसरी बसली नाही. ओजसराव अर्धे बाहेर लोंबत होते. मग तिने काय केलं होतं? अक्षर लहान केलं तर आजीला वाचता येणार नाही, म्हणून ते नाही केलं. तिने तोरणाची पानं थोडी आखूड केली होती. वरचे पन्नास काढून खाली दिले होते. बेरीज चारशेच राहिली, पण वर उरले दीडशे.

“आजोबा, वरून दीडशे,” ती म्हणाली. “दोनशे नाही. उखाणा मावत नव्हता.”

आजोबांनी तिच्याकडे बघितलं. खात्री आहे का, असं त्यांनी विचारलं नाही. वेळही नव्हता, आणि तिच्या तोंडावर ती दिसतही होती. त्यांनी नवा पत्ता सांगितला, चौदाशे आणि एक हजार चाळीस.

पुन्हा चाळीस सेकंद. आजीच्या हातावरची कणीक वाळून गेली असेल. शाल्मलीला आत्याचं हसणं आठवलं, आणि चंद्रघरातली हवा आठवली, आणि तिने पुसलेलं चित्र आठवलं. हे उत्तर जर पुन्हा ‘धूळ’ असेल, तर ते तिने स्वतःच्या हाताने केलेलं असेल.

“पांढरा दगड,” गोगलगाय म्हणाली. “मधोमध चीर आहे.”

आजोबांनी एका दमात हुकूम सोडला, सगळ्या पत्त्यांतून आडवे साठ आणि उभे दीडशे वजा कर. पडद्यावर आकडे सरकायला लागले. दहा ठिकाणं झाली, वीस झाली. हिरवा दिवा लुकलुकायला लागला.

“चाळीस ठिकाणं बदलली,” गोगलगाय म्हणाली. “एकेचाळिसावं तीन हजार साठ येतं. माझा चंद्र तीन हजारला संपतो. तिथे काय…”

दिवा विझला.

आता थांबण्याशिवाय हातात काही नव्हतं. शेवटच्या ठिकाणाची चिंता नको, असं आजोबा म्हणाले. तीन हजारच्या आतली वाट धड असली की ती कडेपर्यंत जाईल, आणि तिथून उद्याचं चित्र सुरू होतं. पण म्हणता म्हणता ते स्वतःच खिडकीशी गेले, परत आले, पुन्हा गेले. आजीने पोळ्या टाकल्या आणि कुणीच खाल्ल्या नाहीत.

साडेपाचच्या सुमाराला आजोबांनी शाल्मलीला जवळ बोलावलं. चूक झाली ती दोघांची, असं ते म्हणाले. तिने मूळ चित्रावर हात चालवला, आणि त्यांनी आखायला बसण्याआधी चित्राची कड बघितली नाही. पण पुसलंस ते वाईट केलंस, असंही त्यांनी स्पष्ट सांगितलं. चूक समोर असली की मोजता येते, वजा करता येते. पुसलेली चूक कशी मोजणार? शाल्मली मान खाली घालून ऐकत राहिली. तिला लागलं, आणि ते खरं होतं म्हणून जास्तच लागलं.

मग त्यांनी तिला चांगली रीत दाखवली. मूळ चित्र तसंच ठेवायचं. नक्षी वेगळ्या लेअरवर काढायची (लेअर म्हणजे चित्रावर अंथरलेला काचेसारखा थर, हवा तेव्हा उचलून बाजूला ठेवता येणारा). आणि ते सजवलेलं चित्र नव्या नावाने जतन करायचं. म्हणजे तोरण बांधूनही खालचा चंद्र जागच्या जागी राहतो.

सहाला पाच कमी असताना दिवा लागला नाही. सहा वाजले, तरी नाही. आजी देवापाशी जाऊन बसली. सहा वाजून चार मिनिटांनी फोन वाजला आणि आजोबांना तो उचलवेना. तो शाल्मलीने उचलला. रुबीनाताई रडत होत्या की हसत होत्या ते आधी समजेना. मग समजलं. गोगलगाय उन्हात येऊन उभी होती. पाय पोटात घेऊन, अंगावर ऊन घेत.

आजोबा जमिनीवरच बसले. त्यांनी शाल्मलीला पोटाशी धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही.

चौथ्या दिवशी पेटी चंद्रघरात पोचली, यंत्र सुरू झालं, आणि त्या संध्याकाळी आत्या पडद्यावर आली. जरा वाळली होती, पण हसत होती. रुखवताचं ऐकून तिने उखाणा म्हणून दाखवायला लावला आणि ओजसरावांसाठी कुणीतरी तोरण कापलं याचं तिला फार कौतुक वाटलं. तेवढ्यात तिच्यामागून तो संथ आवाज आला. गोगलगाय दाराशीच होती आणि तिचा एक प्रश्न राहिला होता. तीन हजार साठ या पत्त्यावर काय आहे? तिने चार दिवस विचार केला होता, पण तिच्या चंद्रावर अशी जागाच नव्हती.

शाल्मलीने आजोबांकडे बघितलं. आजोबांनी तूच सांग अशी खूण केली.

“तिथे आमचं घर आहे,” ती म्हणाली. “तिथूनच आम्ही तुम्हाला बघत होतो.”

गोगलगाय चाळीस सेकंद गप्प राहिली. मग तिने विचारलं, तिकडे यायची वाट कुणी आखून देईल का. आत्या म्हणाली, तीन महिन्यांनी मी निघेन तेव्हा तुलाही घेऊन येते, लग्न आहे. शाल्मलीने वही ओढली, डावीकडच्या वरच्या कोपऱ्यापासून मोजायला सुरुवात केली, आणि या वेळी आधी कडा बघून घेतल्या.